मिस्त्रीच्या गाडीच्या स्प्रिंगा

४ ऑक्टोबर, शनिवार

अजून ठरत नाही! सहा आठवडे झाले. गाडी शेडमध्ये चार लाकडी ठोकळ्यांवर बसून आहे, चाकं भिंतीला टेकलेली, आणि आमची मिस्त्री हातात वही घेऊन तिच्याभोवती फेऱ्या मारतेय. सांगाडा स्वतः वेल्ड केला. इंजिन नऊ दिवसांत बसवलं. एरवी चुटकीसरशी निर्णय घेणारी मुलगी — मागच्या वर्षी भिंतीचा रंग दुकानाच्या पायरीवर उभ्या उभ्या ठरवला! पण सस्पेन्शन, म्हणजे चाकांच्या स्प्रिंगा, म्हटलं की घोडं अडतं.

मिस्त्री हे नाव मीच ठेवलं. लग्न होऊन घरात आली त्या आठवड्यात तिनं माझ्या शिलाई मशीनचा तुटलेला पाय जोडून दिला. सुनेला मिस्त्री म्हणता का, असं शेजारीण म्हणाली. म्हटलं, मग काय इंजिनिअर म्हणू? तिला आवडतं.

६ ऑक्टोबर, सोमवार

आज चहा घेऊन शेडमध्ये गेले ती तासभर तिथंच. म्हटलं, एकदा मला नीट समजावून सांग, अडलंय कुठं?

तर असं. ही गाडी रस्त्यावर जाणारच नाही. दिवे नाहीत, दारं नाहीत, काच नाही, सीट एक. फक्त ट्रॅकवर पळणार. ट्रॅकवरचे सगळे सांगतात, स्प्रिंग जितकी कडक तितकी बरी. तिथले मास्तर — तेच ट्रॅक चालवतात, सगळ्यांना तेच शिकवतात — त्यांच्या जुन्या शर्यतीच्या गाडीच्या स्प्रिंगा द्यायला तयार आहेत. "आराम हवा असेल तर घरी सोफ्यावर बसा," म्हणे!

"मग घे की."

"पण आई, ती गाडी माझ्या गाडीच्या दुप्पट वजनाची होती."

"मग नको घेऊस."

"पण आई, ते तीस वर्षं चालवतायत."

पण आई, पण आई! चहा गार झाला तिचा.

१२ ऑक्टोबर, रविवार

मुलाचा फोन. तिकडे पुलाचं काम अजून वर्षभर चालेल. थंडी आहे, जेवण बरं आहे, गुडघा दुखतो का तुझा, वगैरे. शेवटी विचारतो, ती कशी आहे? म्हटलं, तुझी बायको आहे, तूच विचार, देऊ का फोन? म्हणाला, नको, कामात असेल.

कामातच होती. वहीत आकडे मांडत होती.

१५ ऑक्टोबर, बुधवार

एकतीस वर्षं वजनकाटे दुरुस्त केले मी. दुकानांतले, गोदामांतले, दवाखान्यांतले. स्प्रिंग म्हणजे काय हे मला कुणी शिकवायला नको! पण इतके दिवस गप्प बसले. तिचं काम, तिची गाडी. सासूनं शेडमध्ये नाक खुपसू नये म्हणून.

आज राहवलं नाही. म्हटलं, मिस्त्री, पोत्यांच्या काट्यावर सोनं तोललंस तर सुई हलणार आहे का? जड गाडीची स्प्रिंग तुझ्या हलक्या गाडीला लावलीस तर ती दबणारच नाही. खड्ड्यात चाक जाणार कसं? गाडीच वर उडेल.

तिनं वही मिटली.

"हे तुम्ही इतके आठवडे का नाही बोललात?"

"तू विचारलं नाहीस."

"आई!!"

१९ ऑक्टोबर, रविवार

माळ्यावरून माझे चार सपाट काटे काढले. धूळ पुसली, प्रमाण वजनं ठेवून तपासले. एकाची सुई दहा ग्रॅमनं चुकत होती, ती सरळ केली. हाताला अजून सवय आहे. छान वाटलं.

स्प्रिंगांच्या जागी तात्पुरते लाकडी ठोकळे लावून चाकं चढवली, प्रत्येक चाकाखाली एक काटा. चालवणाऱ्याला बसवल्याशिवाय तोलून उपयोग नाही, कारण एवढ्या हलक्या गाडीत माणूस म्हणजे दहावा हिस्सा! पण ती आत बसली तर पाना कोण फिरवणार? म्हणून मी बसले. पाय आत घालायलाच पाच मिनिटं. मग आकडे बघून ती खालून ओरडते, "आई, तुमचं वजन किती?"

"बायकांना वजन विचारू नये."

"तुम्ही काटेवाल्या ना!"

चौदा किलोंचा फरक. मला उतरवलं. माझ्या जागी वाळूच्या पिशव्या ठेवल्या, मोजून चोपन्न किलो. अपमान! दोघी हसून हसून शेडच्या फरशीवर बसलो.

पुढे डावीकडे ११८, उजवीकडे १२७. मागे १४१ आणि १५४. एकूण ५४० किलो, तिच्यासकट. तिनं वहीत लिहिलं, खाली माझी सही घेतली. अधिकृत म्हणे.

२२ ऑक्टोबर, बुधवार

तरीही मास्तरांच्याच स्प्रिंगा बसवल्या! म्हणाली, आधी त्या बघते, ते एवढं प्रेमानं देतायत. मी भांडी घासायला गेले. भांडी जरा आपटली असतील.

२ नोव्हेंबर, रविवार

जेवण राहू दे, आधी हे लिहिते.

पहाटे गाडी ट्रकवर चढवून ट्रॅकवर नेली. वर्षाखेरच्या स्पर्धेत उतरायचं तर एक फेरी एक मिनिट चोवीस सेकंदांच्या आत हवी. मी कुंपणापाशी उभी, हातात घड्याळ. पहिली फेरी एक एकोणतीस. दुसरी एक सत्तावीस. तिसरी एक सव्वीस. तिथंच अडकली.

ट्रॅकला एक वळण आहे, तिथं डांबराला ठिगळं लावलीत. मी ते वळण बघायला पुढे गेले. प्रत्येक फेरीला ठिगळांवर तिचं पुढचं चाक टुणटुण उडायचं. चाकाखालून पलीकडचं गवत दिसत होतं मला! हवेतलं चाक काय धरून ठेवणार?

पाचव्या फेरीत गेलीच. गाडी सरळ गवतात, दोन गिरक्या, धूळच धूळ. मी कुंपण कसं ओलांडलं ते आठवत नाही. गुडघा म्हणजे काय ते विसरले. तोवर ती उतरून उभी होती, हेल्मेट काढत. मी तिचे दंड, मनगटं, मान — सगळं चाचपलं. आणि मग चारचौघांत एवढ्या मोठ्यानं रागावले की मास्तरसुद्धा दोन पावलं मागे सरले.

तिनं हातमोजे काढले. मग हळूच म्हणाली, "काट्यावर सोनं."

ट्रकमध्ये परतताना झोपली, माझ्या खांद्यावर. हेल्मेट मी मांडीवर घेऊन बसले होते.

३ नोव्हेंबर, सोमवार

स्प्रिंगवाले काका अजून आहेत! माझ्या काट्यांच्या स्प्रिंगा तेच वळायचे. एका कानानं ऐकू येत नाही, दुसऱ्यानं ऐकायचं नसतं. मिस्त्रीनं शर्यतीबद्दल सांगायला सुरुवात केली, तर हात वर केला. "भार किती? दबायला किती हवी?"

मी आकडे सांगितले. मास्तरांची स्प्रिंग एक मिलिमीटर दबायला आठ किलो लागत. आम्हाला तीन किलोत दबणारी हवी. काकांनी खडूनं फळीवर लिहिलं. "शुक्रवारी या." संपलं! हिला दहा आठवडे, त्यांना दोन प्रश्न.

बाहेर आल्यावर मिस्त्री म्हणाली, "आता डॅम्परचंही ठरवायला हवं, आई. त्याला वेळ लागेल." जवळजवळ आनंदानं म्हणाली.

५ नोव्हेंबर, बुधवार

डॅम्परचं मला एका मिनिटात कळलं. काट्याची सुई थरथरत राहू नये म्हणून आत तेलाची छोटी डबी असते, दांडी तिच्यात बुडलेली. तेल पातळ झालं तर सुई नाचत राहते. घट्ट झालं तर सुई जागच्या जागी अडकते, गिऱ्हाईक वैतागतं. डॅम्पर म्हणजे तीच डबी. स्प्रिंग मऊ केली तर डबीही त्या मानानं मऊ हवी, नाहीतर चाक एकदा वर गेलं की खाली यायला वेळ लावणार आणि गाडी दबतच जाणार.

तिच्या डॅम्परला फिरवायची चकती आहे. सगळ्यात सैल करायची, मग एकेक टक पुढे. कोपरा हातानं दाबायचा आणि सोडायचा. एकदा वर यावा आणि थांबावा. शुक्रवारी नव्या येईपर्यंत काकांच्या तेवढ्याच मऊ जुन्या स्प्रिंगा लावून आम्ही चारही कोपरे दाबत बसलो. सातव्या टकला थांबला. तिला आठ हवे होते. सातच!

सात ठेवले.

८ नोव्हेंबर, शनिवार

नव्या स्प्रिंगा बसवल्या. एकेक माझ्या काट्यावर दाबून बघितली. काकांची करामत — चौघींत केसाचा फरक नाही. वाळूच्या पिशव्या ठेवून पुन्हा तोललं, दोन्ही कर्णांचं, म्हणजे तिरक्या समोरच्या चाकांच्या जोड्यांचं, वजन सारखं येईपर्यंत. दुपारचं जेवण तिथंच, एका ताटात, ग्रीस लागलेल्या हातांनी. मला म्हणाली, "माझ्या आईला हे कधीच आवडलं नसतं." तिची आई ती अकरा वर्षांची असताना गेली. मी घास पुढे केला. दुसरं काय करणार.

९ नोव्हेंबर, रविवार

एक मिनिट, बावीस पॉइंट चार सेकंद!!

मी दोनदा बघितलं घड्याळ. ठिगळांच्या वळणावर चाक असं जमिनीला धरून गेलं, जसं इस्त्री कापडावरून. गाडी वळणात जराशी झुकते आता. झुकू दे! मास्तर धावत आले, टोपी हातात.

"कुणी निवडल्या या स्प्रिंगा?"

मिस्त्रीनं हेल्मेट न काढताच माझ्याकडे बोट केलं. "आमच्या आईंनी."

"आई काय करतात?"

"वजन करतात," ती म्हणाली.

मग मास्तरांनी मलाच एक फेरी मारू दिली. पहिल्या गिअरमध्ये. चार मिनिटं अकरा सेकंद. मिस्त्री कुंपणाला धरून पूर्ण वेळ ओरडत होती.

१२ नोव्हेंबर, बुधवार

स्पर्धेचा अर्ज गेला. गाडीला आता करण्यासारखं काही उरलं नाही. ती शेड झाडतेय, पाने आकारानुसार लावतेय. जेवताना गप्प. थकली असेल.

१६ नोव्हेंबर, रविवार

आजही गप्प. ताप नाही, बघितला.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

मुलाचा फोन. रविवार नसताना. त्यांचं लग्न मोडून आठ महिने झालेत. सह्या झाल्या, सगळं रीतसर. मला सांगायचा धीर दोघांनाही झाला नाही. "गाडी पूर्ण झाली की ती दुसरीकडे राहायला जाणार होती, आई. गेली का?"

नाही, म्हटलं. फोन ठेवला.

शेडमध्ये गेले. ती गाडीखाली, पाय तेवढे बाहेर. म्हटलं, त्याचा फोन आला होता, सगळं सांगितलं त्यानं. पान्याचा आवाज थांबला. मी स्टूल ओढून बसले.

"मागचे डॅम्पर मला काही पटत नाहीत अजून," म्हटलं. "हे काम इतक्यात उरकायचं नाही."

पाना पुन्हा फिरू लागला.

मग खालून आवाज आला, "मलाही नाही पटत, आई."