पाइप मुरवण्याची पद्धत

१ जानेवारी, सकाळी ७

मोठी माणसं रोजनिशी लिहितात. आजपासून मीही. उद्या कोणी विचारलं, सोमनाथराव, धंदा कसा उभा केला, तर नोंद सापडली पाहिजे.

दिवाळीनंतर मेंढरं विकली. त्रेचाळीस. त्यातून जुना पिकअप, टाकी, पंप, शंभर मीटर पाइप आणि टोकाला ब्रश असलेला लांब दांडा. जमिनीवर उभं राहून चौथ्या मजल्याची काच धुवायची. शिडी नाही, दोर नाही. पारगावात असा माणूस मी पहिला. जुन्नर-आंबेगाव दोन्ही तालुक्यांत पहिला असेन, चौकशी केलेली नाही.

मेंढरं आईनेच टेम्पोत चढवली. वाघर मात्र देईना. मेंढरंच नाहीत तर त्यांना कोंडायची जाळी कशाला? खुंटीला टांगून ठेवली आहे. असो. जुनी माणसं.

पुष्पाची अट: पाडव्यापर्यंत वर्षभराचं एक तरी पक्कं काम, नाहीतर पिकअप विकून चाकणला कंपनीत जायचं. मी म्हणालो, पाडवा कशाला, संक्रांतीलाच देतो. बायकोसुद्धा आपल्या माणसाला ओळखत नाही, याचं वाईट वाटलं.

४ जानेवारी

पहिलं काम. मंचरचं कपड्यांचं दुकान, दोन मजले. काच चांगली निघाली. पाइपने त्रास दिला. आधी स्कूटीच्या स्टँडला अडकला. सोडवला, तर कुंडीला. कुंडी उभी केली, तर पायरीशी पीळ पडून पाणीच बंद. वर ब्रश कोरडा, खाली मी ओला. एका बाईच्या पायात वेटोळं आलं, ती पडली नाही, पण बोलली खूप. अर्ध्या तासाचं काम, तीन तास गेले. दुकानदार म्हणाला, भाऊ, तुमी काच धुताय का साप पकडताय?

अडाणी माणूस. पाइप नवा आहे, एवढंच.

५ जानेवारी

अकरा व्हिडिओ पाहिले. परदेशात पाइप चाकावर गुंडाळतात. ज्यांना हाताने जमत नाही त्यांनी चाक घ्यावं. मी हात आणि कोपर यांच्यामध्ये गुंडाळतो, बायका कपड्यांची दोरी गुंडाळतात तसा. दिसायला फार सुबक. अंगणात पिकअपमध्ये ठेवला.

६ जानेवारी, दुपारी १

चमत्कार! नारायणगावला दातांचा दवाखाना, तीन मजले, आणि पाइप असा सुटला की बघत राहावं. एक पीळ नाही. मी पुढे चालतोय, तो मागून येतोय.

आज आणि परवात फरक काय? विचार केला. काही नाही. फक्त तो रात्रभर स्वस्थ पडून होता.

६ जानेवारी, संध्याकाळी

सापडलं. रबराला विश्रांती लागते. दिवसभर ओढाताण, मग त्याचं मन आखडतं. रात्रभर पडू दिला की अंगातला पीळ आपोआप जिरतो. लोणचं मुरतं तसं. हे एकाही व्हिडिओत नाही. नाव दिलं: मुरवण पद्धत.

११ जानेवारी

सलग पाच कामं, एकदाही गुंता नाही. एक गोष्ट लक्षात आली. मी पाइप उजवीकडे तोंड करून ठेवतो, सकाळी तो डावीकडे तोंड करून असतो. म्हणजे मुरताना हलतो. जिवंत वस्तू आहे.

आईचे हात काळे दिसले. घरात गॅस आहे तरी चूल पेटवते, दुसरं काय. तिला साबण आणून दिला. ती म्हणाली, ऱ्हाऊ दे रं, पुन्यांदा व्हनारच हायेत.

१४ जानेवारी, संक्रांत

वर्षाचं काम आज मिळालं नाही, पण जवळ आलं. मंचरच्या पुढे हायवेला नवीन मंगल कार्यालय झालंय, पुढची बाजू चारही मजले काच. तिथल्या मॅनेजर स्नेहल मॅडमनी माझ्या कामाबद्दल ऐकून बोलावलं. धुळीने काच महिन्यात मातकट होते, वऱ्हाडी फोटो काढत नाहीत, मालक चिडतात. त्यांनी विचारलं, एवढ्या आवारात शंभर मीटर पाइप अडकत कसा नाही? मागचा माणूस त्यामुळेच सोडून गेला.

मी मुरवण पद्धत सांगितली. त्यांनी वहीत लिहून घेतली. दोनदा विचारलं, म्हणजे नुसता ठेवायचा? म्हटलं, नुसता ठेवायलाच तर धीर लागतो, मॅडम.

१० फेब्रुवारीला मालक धर्माजीशेठ यांच्यासमोर काम करून दाखवायचं. पसंत पडलं तर वर्षाचा करार.

घरी येऊन सांगितलं. पुष्पा पीठ मळत होती. मुरवण पद्धत ऐकून तिला ठसका लागला. पाणी दिलं, तरी बराच वेळ थांबेना.

२२ जानेवारी

राजनंदिनी म्हणाली, बाबा, आजी रोज पहाटे तुमच्या पाइपाशी खेळती. लेकीला समजावलं, आजी अंगण झाडते, तेव्हा पाइप बाजूला करत असेल. तरी आईला सांगितलं, पाइपाला हात लावत जाऊ नकोस, त्याची विश्रांती मोडते. आईने पुष्पाकडे पाहिलं. पुष्पा एकदम घरात गेली. दोघींचं अलीकडे फार जमतं. सासू-सुनेचं असं जमणं मला बरं वाटत नाही.

३० जानेवारी, सकाळी ९

लोणीहून थोरल्या बहिणीचा, बयाताईचा फोन. तिच्या मेंढ्या व्यायला लागल्यात, हाताखाली माणूस नाही. आई क्षणात तयार. इतकी हुशारलेली मी तिला दिवाळीपासून पाहिली नव्हती. स्टँडवर सोडायला गेलो. एसटी आली तेव्हा ती म्हणाली, सोम्या, त्यो पाइप कोपराला गुंडाळून तसाच नगं टाकूस बाबा, म्या काय करते... मी म्हटलं, आई, चढ आधी, एसटी सुटेल. धंद्याचं माझ्यावर सोड. ती चढली. खिडकीतून काहीतरी हाताने करून दाखवत होती, एकदा असं, एकदा तसं. टाटा असावा. मीही केला.

१ फेब्रुवारी

घोडेगावला पतसंस्थेची काच. पाइप पाच वेळा अडकला. वारा होता.

३ फेब्रुवारी

आज सात वेळा. वारा नव्हता. अमावस्या होऊन पाच दिवस झालेत, पण असर राहतो.

५ फेब्रुवारी

मोजणं सोडून दिलं.

पुष्पा म्हणाली, आत्याबाईंना फोन करा. कशाला? त्या काय पाइपाच्या इंजिनिअर आहेत? ती म्हणाली, करा तर खरं. मी म्हटलं, माझ्या धंद्यात घरातली माणसं आणायची नाहीत, हा माझा नियम आहे. ती म्हणाली, बरं. आणि इतक्या शांतपणे म्हणाली की मला राग आला.

चूक समजली. एक रात्र पुरत नाही. थंडीत मुरायला वेळ लागतो. आता १० तारखेपर्यंत सगळी कामं बंद. पाच दिवस पूर्ण विश्रांती.

८ फेब्रुवारी

पाइप सावलीत ठेवलाय, वरून आईचं घोंगडं घातलंय. हळद-कुंकू वाहिलं. अंधश्रद्धा म्हणून नाही, वस्तूचा मान म्हणून. पुष्पाने विचारलं, त्याला जेवायला काय वाढू?

१० फेब्रुवारी, सकाळी ६

आजचा दिवस. पाइप अतिशय प्रसन्न दिसतोय.

१० फेब्रुवारी, दुपारी ३

लिहायचं नाही असं ठरवलं होतं. पण नोंद राहिली पाहिजे.

धर्माजीशेठ खुर्ची टाकून बसले होते. शेजारी स्नेहल मॅडम. मी आधी दहा मिनिटं पद्धतीवर बोललो. मग पाइप ओढला. वीस पावलांवर पहिला पीळ. हसून सोडवला. मग तो शेठच्या गाडीच्या चाकाखाली शिरला आणि पाचरीसारखा बसला. मी ओढला. निघेना. जोर लावून ओढला. निघाला, पण मोकळा झालेला भाग चाबकासारखा जाऊन उद्याच्या लग्नाच्या कमानीत अडकला. ते मला दिसलं नाही, कारण मी वर काचेकडे पाहत पुढे चाललो होतो. मागून आवाज आला तेव्हा नवरा-नवरीची नावं खाली आली होती. थर्माकोलची. नवरीच्या नावाचे तीन तुकडे.

मॅडमनी हळूच विचारलं, मुरवला नव्हता का? मी म्हणालो, पाच दिवस, मॅडम. जास्त मुरला असेल.

पिकअपमध्ये बसून रडलो. हे कोणी वाचणार नाही म्हणून लिहितो. मेंढरं चढवताना शेवटची काळी मेंढी आईच्या लुगड्याला तोंड घासत होती, ते सारखं डोळ्यांपुढे येत होतं. त्रेचाळीस मेंढरं आणि एक पाइप.

११ फेब्रुवारी

पुष्पाने रात्रीच फोन केला होता. आई पहिल्या एसटीने हजर. चहासुद्धा घेतला नाही. पिकअपमधलं माझं भेंडोळं अंगणात ओतलं, सगळा पाइप एका रेषेत पसरला, मग घड्या घालायला बसली. एक वेढा सुलटा, एक वेढा उलटा. एक सुलटा, एक उलटा. जे टोक आधी लागणार ते वर. मला म्हणाली, धर आन् पळ. धरलं आणि पळालो. शंभर मीटर, एक पीळ नाही.

रोज पहाटे हेच करत होती. एक महिना. म्हणाली, वाघर अशीच घडी घालत्यात, न्हाईतर माळावर पोचल्याव अंधार पडस्तवर गुंता सोडवीत बसावं लागतं. मेंढरं गेली, हाताला काय काम न्हाई, मग ह्योच घेतला.

मी चिडलो. सांगायचं नाही का? ती म्हणाली, सांगाया लागले तवा तू म्हनलास एसटीत चढ. मग पाइप पुन्हा गोळा करत, माझ्याकडे न बघता म्हणाली, आन् तू सातवीत व्हतास तवा म्या तुला वाघरीची घडी शिकवाया बसवलं व्हतं. तू म्हनलास, मला का मेंढरं वळायचीत?

आठवतंय. वर्गातली पोरं बांधावरून जात होती, म्हणून मोठ्याने म्हणालो होतो. लाज तिची वाटत होती तेव्हा. आज माझी वाटते.

१५ फेब्रुवारी

स्नेहल मॅडमना फोन करून खरं सांगितलं. जवळजवळ खरं. म्हटलं, पद्धतीच्या मूळ संशोधक माझ्या मातोश्री आहेत, त्यांना आणतो, एक संधी द्या. त्यांनी दुपारीच बोलावलं.

आई उतरली ती थेट कामाला लागलीच नाही. काठी घेऊन इमारतीला एक चक्कर मारली. म्हणाली, आधी वाट बघावी, मेंढरू कुठं अडकंल ते. कुंड्या बाजूला करायला लावल्या. पायरीच्या धारेवर पोतं टाकलं. मग धर्माजीशेठच्या समोर जाऊन म्हणाली, पावणं, गाडी काढा तेवढी. शेठ म्हणाले, ड्रायव्हर जेवायला गेलाय. आई म्हणाली, मंग तुमी काढा, हात हायेत की. मी डोळे मिटले. गाडी सुरू झाल्याचा आवाज आला तेव्हा उघडले.

मी पुढे दांडा घेऊन, आई मागे. कळपाच्या मागे चालायची तशीच चालत होती, मध्येच तोंडाने तसाच चक् चक् आवाज. चारही मजले, दोन तास दहा मिनिटं. पाइप एकदाही अडकला नाही. शेठ उठून काचेजवळ गेले, मिशी बघून आले.

१८ फेब्रुवारी

करार आला. वर्षाचा. पाडव्याच्या आधी, हे पुष्पाला दाखवून दिलं. तिने पूर्ण वाचायला सांगितलं.

कलम चार: काम सुरू असताना पाइप श्रीमती म्हाळसाबाई हाताळतील. त्या गैरहजर असल्यास काम होणार नाही. कलम पाच: श्री. सोमनाथ हे मदतनीस म्हणून सोबत असू शकतात.

‘असू शकतात.’ मॅडमना विचारणार होतो, शब्द बदलता येईल का. पुष्पा म्हणाली, नका विचारू, तेवढंही काढून टाकतील.

आईला करार वाचून दाखवला. तिने अंगठा उठवण्याआधी स्वतःचं एक कलम घातलं, तोंडी: बयाताईकडच्या दोन कालवडी... नाही, चुकलो, दोन कोकरं आणायची, आणि परत विकायची भाषा करायची नाही. मेंढपाळाच्या घरात जन्मून कोकराला कालवड लिहिलं. खोडत नाही. नोंद राहिली पाहिजे.

२० फेब्रुवारी, संध्याकाळी साडेपाच

कोकरं आली. एक काळं आहे. वाघर खुंटीवरून उतरली, अंगणाच्या कोपऱ्यात लावली. दोन कोकरांना एवढी मोठी जाळी, पण खुंट्या मीच ठोकल्या.

मग आईने मला पाइपासमोर बसवलं. पुष्पाला पहिल्याच खेपेत जमलं. तिचं वेगळं आहे, ती महिनाभर चोरून बघत होती. माझी घडी सात वेळा चुकली. सातव्याला उलट्याच्या जागी सुलटा पडला, ते माझ्या आधी आईला दिसलं. पण आठवी घडी मी अगदी मन लावून घातली. खरंच सुबक झाली. टोक वर, वेढे सारखे, मध्ये कुठे ताण नाही. मला वाटतं या कामात माझा हात मुळातच चांगला आहे, आतापर्यंत फक्त मार्गदर्शन मिळालं नव्हतं. उठून उभा राहिलो. आईने घडी नीट पाहिली, चहूबाजूंनी पाहिली. काठीने उसकटली आणि म्हणाली, परत.