सहीच्या वरची ओळ

प्रिय फिर्यादी,

त्या पहाटे जी नऊ मिनिटे वाया गेली त्यांचा दोष तुझा नव्हता, एवढेच मला या पत्रात सिद्ध करायचे आहे. तुझी नोकरी राहते की जाते, हे परवा चौकशी समिती ठरवील. त्याआधी हे शेवटपर्यंत वाच. भावाने पेन्सिल घेतली तरी तू माझ्या टेबलापुढे लेखी तक्रार घेऊन उभी राहायचीस, म्हणून तुला हे नाव पडले. या वेळी मात्र तू कोणाविरुद्धही तक्रार केलेली नाहीस. मला तेच सहन होत नाही.

प्रथम वस्तुस्थिती. आदल्या दिवशी रात्रपाळी करून तू सकाळी नऊला घरी आलीस आणि एका पायातला बूट तसाच ठेवून सोफ्यावर बसल्या बसल्या झोपलीस. साडेअकराला फोन आला: कोणीतरी आजारी आहे, दुपारची रुग्णवाहिका अडली आहे. आई दारात आडवी उभी राहिली. मी तिला समजावू लागलो की आणीबाणीच्या सेवेत कर्तव्य आधी येते, तेव्हा ती म्हणाली, "तुमचा कायदा काढून ठेवा कपाटात. पोरीचे डोळे बघा." मी पाहिले नाहीत. दुपारची पाळी संपली आणि तिला लागूनच तुझी रात्रीची सुरू झाली. पहाटे साडेपाचला पक्षाघाताच्या रुग्णासाठी बोलावणे आले. पत्ता तू अचूक ऐकलास, अचूक लिहिलास, आणि चालकाला गाडी न्यायला सांगितलीस ती रात्रीच्या पहिल्या फेरीतल्या घरी. तिथे तू दार ठोठावत राहिलीस. तुझा चालक परवा मला जिन्यात भेटला. म्हणाला, "साहेब, मॅडमचे डोळे उघडे होते, पण मॅडम तिथे नव्हत्या. आणि खरं सांगू? मलाही तेच घर बरोबर वाटलं." ते रुग्ण गृहस्थ वाचले, पण उजवा हात लुळा पडला. ते शिंपी आहेत, एवढेच तू घरी सांगितलेस.

आता समितीचा युक्तिवाद. पाळी सुरू होताना तुम्ही ज्या वहीत सही करता, तिच्यात सहीच्या वर छापले आहे: 'माझी पुरेशी विश्रांती झाली असून मी कामास सक्षम आहे.' त्याखाली तुझी सही आहे. म्हणून विधान तुझे आणि जबाबदारीही तुझीच. सही न करणाऱ्याला गाडीवर घेत नाहीत आणि त्याची गैरहजेरी लागते, हे त्या वहीत कुठेही छापलेले नाही. मागे एकदा चहा पिताना तू म्हणाली होतीस, "बाबा, ही ओळ ज्यानं लिहिली ना, तो रोज दुपारी पंखा लावून घोरत असणार!" आई खो खो हसली. मीही हसलो. मग उठून आतल्या खोलीत गेलो आणि रोजच्यासारखा तासभर झोपलो.

अकरा वर्षांपूर्वी तुमच्या रुग्णवाहिका संस्थेचा कायदेविषयक सल्लागार म्हणून मी एका बैठकीला गेलो होतो. एक डॉक्टरीणबाई पोटतिडकीने मागत होत्या की सलग आठ तासांपेक्षा जास्त पाळी नको. संस्थेला मनुष्यबळ वाढवायचे नव्हते. मी शांतपणे मांडले की विश्रांती ही ज्याची त्याची खासगी बाब आहे. संस्थेने फक्त लेखी हमी घ्यावी. बाई म्हणाल्या, "वकीलसाहेब, तुम्ही एक रात्र आमच्या गाडीत बसा." मी बसलो नाही. ती ओळ मी तिथेच, पंधरा मिनिटांत लिहिली. तिचा मला अभिमान होता. तू नोकरीला लागलीस तेव्हाही ती माझी असल्याचे सांगितले नाही. आधी गरज वाटली नाही, नंतर धीर झाला नाही. त्या बैठकीचे टिपण, माझ्या हस्तलिखितासह, सोबत जोडले आहे. परवा मी साक्षीला येईन. तू नको म्हणालीस तरी येईन. मात्र त्या दिवशी माझ्याशेजारी बसण्याचे बंधन तुझ्यावर नाही. खालचा मजकूर समितीलाही याच शब्दांत दिला आहे.

ज्याच्या शुद्धीविषयीच शंका आहे, त्यालाच मी त्याच्या शुद्धीचा साक्षीदार केले. थकलेल्या माणसाची स्वतःच्या थकव्याविषयीची साक्ष ग्राह्य धरणे ही चूक होती, आणि ती मी केली.

तुझाच,
बाबा
(सही)