धालोची ओळ

केरी-पेडणे, १२ नोव्हेंबर १९८९

चि. सौ. सुमंगला हिस,
अक्काचे अनेक उ. आ. वि. वि.

डिचोलीची खुशाली वाचून बरं वाटलं. इथे मी आणि माझे गुडघे. म्हापशाच्या इस्पितळात व्यायाम शिकवणारी मुलगी सांगते, झीज भरून येत नाही, पण तोल परत येतो. खिडकीचा गज धरून एका पायावर उभं राहायचं, मग हळूच गज सोडायचा. मागच्या पावलाच्या अंगठ्याला पुढच्याची टाच लावत सरळ चालायचं. या वयात डोंबाऱ्याचा खेळ! तुझे भावोजी हसतात. मी गज काही सोडत नाही.

पौषात बायकांच्या धालोला नाचायला जा म्हणतेस. गेल्या वर्षी एकमेकींच्या कमरेला हात घालून ओळीत नाचताना माझा गुडघा लचकला आणि शेजारच्या विनितेला घेऊनच मी पडले. पोरीचं मनगट मोडलं. आता मांडावर, धालोच्या त्या अंगणात, नाचायचं नाही. दमले गो बाय.

धाकटीची वाट बघणारी,
अक्का

डिचोली, ३ डिसेंबर १९८९

ती. सौ. अक्कास,
सुमंगलेचा शि. सा. नमस्कार.

गज सोडत नाहीस आणि म्हणे व्यायाम करते! सासूबाई अंथरुणाला खिळल्यापासून माझीही कंबर धरलीय, पण तू नाचणार नाहीस हे वाचून रडूच आलं. तीस वर्षं पहिलं गाणं तू उचललंस. एकदा तरी विनितेकडे गेलीस का? तुला पडायची भीती नाही अक्का, तिला तोंड दाखवायची आहे.

लहान तोंडी मोठा घास घेतला, पोटात घाल. भावोजींना नमस्कार.

तुझी,
सुमंगला

केरी-पेडणे, १६ जानेवारी १९९०

चि. सौ. सुमंगला हिस, अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र झोंबलं, म्हणून इतके दिवस उत्तर नाही. रागारागाने गज सोडला. आधी तीन आकडे मोजेपर्यंत, मग दहा. विनितेकडे मात्र गेले नाही.

धालोचे चार दिवस कडेला बसूनच गायले. पाचव्या दिवशी विनिता ओळ सोडून आली आणि मला उठवू लागली. मी म्हटलं, तुझा हात अजून बरा नाही. ती म्हणाली, तो होणारही नाही, घागर पेलत नाही त्याला, तेव्हा काकी, घट्ट धरायचं तुम्हीच.

नाचले गो. दोनदा तोल गेला, सावरला. तिला सोडली नाही.

घरी येऊन खूप रडले. तुझ्या भावोजींना वाटलं गुडघा दुखतोय. मीही तसंच सांगितलं.

माया आहे तशी राहू दे.

तुझी,
अक्का