तेबानच्या खुर्चीतलं फुलपाखरू

आदरणीय कुया मेल्चोर,

थोरल्या भावासारखे आहात, म्हणून आपला हात कपाळाला लावतो (पत्रातून लागेल तेवढा). गुडघे कसे आहेत? झुंजीचा कोंबडा खातोपितो ना? मी माडांवरून न पडता ठीक आहे.

पत्रास कारण आपले धाकटे बंधू, कैलासवासी तेबान. ते परत आलेत. दुखवट्याचं वर्ष सरलं, त्यांच्या रोसेंदाचे काळे कपडे उतरले, म्हणून मी ताजी माडी घेऊन तिला लग्नाचं विचारायला गेलो. तिने उत्तरासाठी तोंड उघडलं आणि रानातून एक तपकिरी फुलपाखरू आलं ते थेट तेबानच्या खुर्चीत बसलं. आता तपकिरी फुलपाखरू म्हणजे घरचं गेलेलं माणूस, हे शेंबडं पोरही सांगेल. कोण, ते वागण्यावरून ओळखायचं. हे दिवसभर बांबूच्या बनात वाळक्या पानासारखं पाचोळ्यात पडून असतं. डिवचलं तर दोन हात उडतं, की पुन्हा आडवं. दिवेलागणीला मात्र अंगात आल्यासारखं उठतं आणि माडीच्या भांड्याचा काठ गाठतं. रोसेंदाने डोळ्यांना रुमाल लावला. "अहो, तेच! जिवंतपणी तरी वेगळं काय करत होते?" तेव्हापासून त्यांना रोज वाटीभर माडी (माझी माडी, कुया!), आणि मी विषय काढला की, "हळू, ते ऐकतायत." मला ही बाई मनापासून आवडते, आणि मी रोज संध्याकाळी तिच्या नवऱ्याला पाजून घरी येतो.

काल कहर झाला. आपल्या बंधूंनी अंगणातल्या गवताच्या पात्याखाली अंडी घातली. रोसेंदाने वाकून ती पाहिली. मग म्हणाली, "एवढे कष्ट ते करणार नाहीत." मी आनंदाने उडीच मारली.

आपला आज्ञाधारक,
पोन्सियानो

ता.क. खरी विनंती राहिलीच. रोसेंदा म्हणते, बाईमाणूस, माडी लागते, वर सुनेच्या घरात ठाण मांडते, म्हणजे या आपल्या कैलासवासी मातोश्री! त्या फक्त आपलंच ऐकायच्या. कृपा करून या आणि त्यांच्याकडून लग्नाला होकार मिळवून द्या.

पुन्हा ता.क. थांबा, येऊ नका. पत्र रोसेंदाने वाचलं. म्हणते, "सासूबाई माझ्या घरात इतके दिवस नावं न ठेवता बसतील? छे! साधं फुलपाखरू आहे हो ते. आणि तुम्ही विचारलं होतंत ना, त्याला हो." कुया, आता मात्र याच, आणि भाजायला एक डुक्कर आणा.