खातेदार: चालू

६ डिसेंबर १९९९
खिडकीवरचा कारकून म्हणाला, "खातेदार चालू आहे."

मी बघतच राहिले. हे जाऊन तीन महिने होत आले, मृत्यूचा दाखला त्याच्या हातात, आणि म्हणे चालू! त्याने तारीख पुन्हा घातली. पुन्हा तेच. मागे रांगेत कुणीतरी म्हणालं, "आत्ताच बिघडलं? मग एकतीसच्या रात्री काय होणार!"

ह्यांचं नाव काढायला गेले होते. तशीच परतले. घरी आल्यावर चप्पल काढायचं भान नव्हतं.

७ डिसेंबर
भावोजींचा फोन. "वहिनी, दादाचं नाव आधी काढून घ्या. एकतीसच्या रात्री सालाच्या जागी दोन शून्यं दिसली की सगळी कॉम्प्युटरं आडवी होणार. मग बसा दादाच्या सहीची वाट बघत!" बोलून गेले आणि घाईने पाण्याच्या पिंपांवर आले. त्यांनी पिंपं भरून ठेवलीत, खोकंभर मेणबत्त्या आणल्यात. हे म्हणतात, धाकट्याला घाबरायला निमित्त लागतं.

१० डिसेंबर
बँकेच्या कॉम्प्युटर विभागातली मुलगी घरी आली. ह्यांच्या हाताखाली शिकलेली. ह्यांच्या खुर्चीत बसली नाही, स्टुलावर बसली.

"काकू, मशीन बिघडलेलं नाही. सरांचाच नियम आहे तो."

खातेदाराच्या शेवटच्या तारखेची जागा रिकामी सोडता येत नसे. म्हणून ह्यांनीच फार पूर्वी ठरवून दिलं — तिथे नऊ-नऊ-नव्व्याण्णव घालायचं. म्हणजे 'अजून तारीख नाही'. माणूस चालू.

नऊ सप्टेंबर. नव्व्याण्णव.

मी कप खाली ठेवला. जायला वर्षभरात दुसरा दिवस नव्हता?

"आम्ही विचारायचो, सर, ती तारीख खरंच आली तर? तर म्हणाले, तेव्हा मी थोडाच असणार आहे!" ती हसली — आणि लगेच तोंडावर हात.

११ डिसेंबर
मित्रमंडळी ह्यांना 'चालू माणूस' म्हणतात. पत्ते खेळताना पान लपवतात म्हणून.

२० डिसेंबर
बँकेतल्या त्या मुलीचा फोन. एकतीसच्या आत सगळ्या तारखांना पूर्ण साल जोडणार. जुना नियम रद्द. "मग सरांची नोंद घेता येईल."

मी म्हणाले, राहू दे ना.

"काकू?"

राहू दे. असू देत तिथे चालू.

मग म्हणाली, "काकू, मी ठेवीन हो. मशीन नाही ठेवणार."

मी असं बोलले! दाखला घेऊन मीच गेले होते ना?

१ जानेवारी २०००
काही म्हणजे काही झालं नाही. दिवे आहेत, फोन आहे, नळाला पाणी आहे. भावोजी खवळलेत — "आता ह्या मेणबत्त्यांचं काय लोणचं घालू?"

बाहेर लोक हसतायत, एकमेकांच्या पाठीवर थापा मारतायत. मला धक्का बसला तो ह्याचाच. काहीच कसं थांबलं नाही?

३ जानेवारी
बँकेत गेले. तोच कारकून. दाखला समोर होता, तरी विचारलंन, "तारीख?"

नऊ सप्टेंबर, एकोणीसशे नव्व्याण्णव. तोंडाने पहिल्यांदाच म्हटली. मशीनने मुकाट्याने घेतली.

"झालं, आजी."

४ जानेवारी
भावोजी आले होते. पिंपं रिकामी करून दमलेले. मी त्यांना म्हटलं, हे म्हणायचे, धाकट्याला घाबरायला निमित्त लागतं.

म्हणायचे!