भुईतलं सोनं

२ डिसेंबर २०१८, रविवार

पोपट्या सापडला!

चार वर्षं शोधला. इकडं येण्याआधी विट्याच्या बाजारात शोधला. मधल्या रजेत त्याच्या गावात जाऊन बंद दारावर लाथा घालून आलो. आणि हा इथं, कतारमध्ये — आमच्याच कंपनीच्या पिकअपच्या स्टेअरिंगवर!

सकाळी स्टेडियमच्या गेटवर तारेची बंडलं उतरवत होतो. ड्रायव्हर खाली आला, कागदावर सही मागायला. भुवया नाहीत. भट्टीपुढं बसून बसून जळालेल्या. दोन्ही हातांवर तेजाबाचे पांढरे डाग. एवढी खूण पुरे. माझ्या हातात सळईचा तुकडा होता, हातभर लांब. डोक्यात घातलाच असता. माझ्या खोलीतल्या बालाजीनं मागनं कॉलर धरली. त्याला वाटलं मला भोवळ आली.

"काय झालं बे मध्या, पांढरा फटक पडलास की."

मी म्हटलं, ऊन लागलं. डिसेंबरात ऊन!

पोपट्यानं मला ओळखलं नाही. त्यानं मला बघितलेला एकदाच, पाच मिनिटं. तेव्हा दाढी नव्हती.

३ डिसेंबर

ही डायरी गिरीश साहेबांनी दिलेली. पुण्याचे इंजिनियर, आमच्या सळईकामावरचे. गेल्या महिन्यात मेसच्या रांगेत मी एकाचा दात पाडला, तेव्हा त्यांनीच वाचवलं. म्हणाले, हात शिवशिवले की मारायच्या ऐवजी लिहीत जा. परत मारामारी झाली तर मला काही करता येणार नाही, सरळ विमानात बसवतील.

माझी शाळा सहावीपर्यंत. लिहिताना पेन मोडेल इतकं दाबतो. पण लिहितो. आज हात फार शिवशिवतायत.

७ डिसेंबर, शुक्रवार

सुट्टी. सगळे बाजारात गेले. बालाजी पण. खोलीत मी एकटा आणि वरच्या बेडवर कुणाचा तरी ओला टॉवेल टपकतोय. आज सगळं लिहूनच टाकतो.

माझा दादा, धोंडीराम, या पोपटरावाच्या गलाईच्या दुकानात कारागीर होता. सोनारांकडून जुनं सोनं आणायचं, भट्टीत गाळायचं, तेजाबात उकळायचं, मळ जाळून चोख गोळी करून सोनाराच्या हातावर ठेवायची. आमच्या तालुक्यातली कितीतरी माणसं देशभर हेच करतात. पोपट्याचं दुकान कर्नाटकात, कोलारच्या सोन्याच्या खाणीच्या गावात. खाण कधीच बंद पडलेली. दुकान तेव्हा चालू.

एका सोनाराचं अकरा ग्रॅम कमी भरलं. पोपट्यानं दादावर आळ घेतला. दादाचा उजवा हात ऐरणीवर दाबून धरला आणि हातोडी घातली. तीन बोटं. मग स्वतःच उचलून दवाखान्यात नेऊन टाकला. दया!

आणायला मी गेलो. दवाखान्यातनं सोडायला दुपार होणार होती, तोवर त्या गावात हिंडलो. काय गाव! लोखंडाचे उंच मनोरे, वर थांबलेली चाकं. गोऱ्या साहेबांचे बंगले, खिडक्यांची लाकडंसुद्धा उचकटून नेलेली. खाणीतनं उपसलेल्या मातीचे राखाडी डोंगर, त्यावर गवताची काडी नाही. वारा सुटला की ती माती दातात करकरायची. एका बंगल्याच्या पायरीवर बसून मी ठरवलं — याची तीन बोटं. जास्त नाही, कमी नाही.

दुकानावर गेलो. पोपट्या पाच मिनिटं दिसला, तोवर चार माणसं आडवी आली. मला रस्त्यावर लोळवलं. महिन्यानं परत गेलो तर कुलूप. त्या सोनारानं गावभर केलेलं. गलाईचा धंदा सगळा विश्वासावर, मग त्याला कुणी गुंजभर सोनं देईना. बुडाला. बरं झालं!

पण बोटं राहिली.

दादा आता गावात पिठाची गिरणी चालवतो, डाव्या हातानं. त्यानं आईची बोरमाळ विकली म्हणून माझा इथला व्हिसा झाला. बोटं गेल्यावर चार महिन्यांत त्यानं मला विमानात बसवलं. आणि तो माणूस अजून — अजून! — त्या कुत्र्याला शेठ म्हणतो. "शेठचा विषय काढू नको मधू." हात फोडला त्यानं तुझा, दादा, आणि शेठ?

८ डिसेंबर

दादाला सांगितलं नाही पोपट्या सापडल्याचं. आधी काम. मग सांगू.

११ डिसेंबर

आज पोपट्यानं मला करक, इकडचा दाट दुधाचा चहा, पाजला. साइटच्या बाहेर, पिकअपच्या बॉनेटवर कप ठेवून. मी घेतला. कपाची ऊब हाताला लागत होती आणि मी त्याच्या बोटांकडं बघत होतो. लांब बोटं आहेत. करंगळीचं नख काळं.

"पाव्हणं कुठलं?" म्हणाला.

साताऱ्याकडचा, मी ठोकून दिलं.

"असं का," म्हणाला, आणि हसला. दात तेजाबाच्या वाफेनं खाल्लेले. ते पण पाडावेत असं वाटलं. पण नको. हिशोब बोटांचा आहे.

बालाजीला हा माणूस लई आवडतो. परभणीचा बालाजी, त्याला कुणीही आवडतं. पोपटकाका, पोपटकाका करत मागं फिरतो. मी रात्रपाळीला त्याच्यावर उगाच खेकसलो.

१३ डिसेंबर

सोय झाली!

मंगळवारी कतारचा राष्ट्रीय दिन, साइट बंद. गिरीश साहेब बालाजीला म्हणाले, कॅम्पमध्ये लोळत काय बसता, उत्तरेला जुनी मोत्यांची गावं आहेत ती बघून या. त्यांनी मिसेसना आणि लेकीला, ओवीला, नेलेलं. पूर्वी तिकडची माणसं समुद्रात बुड्या मारून शिंपले काढायची, मोती विकायची. मग जपानात शेतात पिकवल्यासारखे मोती पिकवायला लागले. इकडचा धंदा बसला, माणसं घरं सोडून गेली. घरं तशीच.

साहेबांनीच पिकअपची परवानगी काढून दिली. ड्रायव्हर पोपट्या. मी, बालाजी आणि तो.

बालाजी म्हणाला, मोती सापडला तर अर्धा तुझा. मी म्हटलं, मला दुसरंच पायजे.

१७ डिसेंबर

तार पिळायचा हुक घासून ठेवला. उद्या.

१८ डिसेंबर, मंगळवार. संध्याकाळ

झालं.

नीट लिहितो. 

सकाळी निघालो. दोहात गाड्याच गाड्या, सगळ्यांवर झेंडे, पोरं खिडकीतनं अर्धी बाहेर. उम्म सलालच्या पुढं रस्ता मोकळा झाला. पोपट्या गाडी सावकाश चालवतो. बालाजी खिडकीत बसून हिंदी गाणी म्हणत होता, सगळी चुकीची.

आधी झुबाऱ्याचा किल्ला. तिथं गर्दी, फॅमिलीवाले, गार्ड. काही करता येण्यासारखं नव्हतं. मग बघितलंच सगळं. शहर होतं म्हणे इथं. आता फुटभर उंचीच्या भिंती आणि वाळू. बालाजीनं माझे फोटो काढले. किल्ल्याच्या सावलीत चपात्या आणि मिरचीचा ठेचा खाल्ला. ठेचा पोपट्यानं केलेला. चांगला होता. चांगला लागला म्हणून स्वतःचाच राग आला!

मग तो म्हणाला, अजून एक गाव दाखवतो, तिकडं कोण येत नाही. मी मनात म्हटलं, तूच ने.

समुद्राच्या काठाला गाव. एक मशीद, तिचा मनोरा शाबूत. बाकी घरांची छपरं पडलेली, दारं नाहीत. कोलारच्या बंगल्यांसारखंच. वारासुद्धा तसाच, दातात करकरणारा. बालाजी शिंपले वेचायला पाण्याकडं गेला.

पोपट्या एका पडक्या घरात उकिडवा बसलेला. भुईची माती चिमटीनं उचलायचा, तळहातावर पसरायचा, फुंकर मारायचा. गलाईवाल्याची खोड. हे लोक सोनाराच्या दुकानातला केरसुद्धा जाळून त्यातनं सोनं काढतात. मी दारात उभा राहिलो. बाहेर जायला तेवढंच दार. खिशात हुक धरलेला.

तो मागं न बघता म्हणाला, "धोंडीराम बरा हाय का?"

माझा हात खिशातच राहिला.

पहिल्याच दिवशी ओळखलं म्हणाला. चालतोस तू त्याच्यासारखाच. रोज वाट बघत होतो, कधी येतोस ते.

मग त्यानं सांगितलं. मातीकडं बघत. दुकान मोडलं तेव्हा सगळी भुई हातभर खणली. ती माती जाळली, धुतली, गाळली.

"सोनं निघालं मधू. भुईतच हुतं. अकरा ग्रॅम. तुझ्या भावानं घेतलं न्हवतं. चूक माझी."

चार वर्षं हेच ऐकायचं होतं मला. वाटायचं, हे ऐकलं की थंड होईन. उलटंच झालं! म्हणजे फुकट? दादाचा हात फुकट? आणि याला माहीत होतं, आणि गावाकडं एक शब्द पाठवला नाही, आणि माझ्यासमोर बसून ठेचा खातो! डोळ्यापुढं लाल झालं.

"हात ठेव," मी म्हटलं.

पळेल, पाया पडेल, बालाजीला हाक मारेल असं वाटलं. काही नाही. त्यानं उजवा हात पँटला पुसला, माती झाडली, आणि उंबऱ्याच्या दगडावर ठेवला. त्या दगडात बारके शंख अडकलेले होते.

"अंगठा तेवढा सोड. स्टेअरिंगला लागतो."

हुक विसरलो. पडलेल्या भिंतीतला दगड दोन हातांनी उचलला आणि घातला. एकदाच. तीन घालणार होतो, पण तीन बोटं एकातच झाली. करंगळी राहिली. आवाज फार मोठा नाही आला. तो ओरडला नाही, नाकानं श्वास सोडला फक्त. म्हणून मी बरगडीत लाथ घातली. दोन घातल्या. तेव्हा कुठं कण्हला.

मग मलाच ओकारी आली. ठेचा सगळा बाहेर.

बालाजी धावत आला, ओंजळीत शिंपले. शिंपले टाकून दिले त्यानं. पोपट्या भिंतीला टेकून बसलेला, हात पोटाशी. माझ्याआधी तोच बोलला. पिकअपच्या फाळक्यात हात सापडला म्हणाला. बालाजीनं फाळक्याकडं बघितलं. गाडी दोनशे पावलं लांब होती. मग माझ्याकडं बघितलं. आपला गमछा फाडून हाताला बांधला.

गाडी मला येत नाही, बालाजीला येत नाही. पोपट्या डाव्या हातानं स्टेअरिंग धरून बसला आणि मला शेजारी बसवलं. तो क्लच दाबायचा आणि म्हणायचा, "दोन." मी दांडा ओढायचो. "तीन." "चार." दोहापर्यंत असंच. एकदा मी जोरात ओढला, खालनं करकर झाली.

"हळू," म्हणाला. "गिअर हाय. बोट न्हवं."

बालाजी मागं बसून रडत होता बहुतेक.

१९ डिसेंबर

प्लास्टर झालं. दवाखान्यातही फाळकाच सांगितला त्यानं. गिरीश साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. माझे हात उलटेपालटे करून बघितले, दगडानं खरचटलेले तळवे. डायरी लिहितोस का, विचारलं. म्हटलं, लिहितो. दाखव असं मात्र म्हणाले नाहीत.

ड्रायव्हरला हात नाही तर कंपनी ठेवणार नाही. पोपट्याला घरी पाठवतायत. तो माझं नाव घेत नाही, म्हणून मी इथंच.

खूश आहे मी. व्हायलाच पाहिजे.

२० डिसेंबर

बालाजीनं बेड बदलला. दाराजवळचा घेतला.

२१ डिसेंबर, शुक्रवार

दादाला टायपायला जमत नाही, म्हणून व्हॉट्सॅपवर आवाज पाठवला. सगळं सांगितलं. दादा, तुझ्यावरचा डाग गेला. सोनं भुईत होतं, पोपट्यानं माझ्यासमोर कबूल केलं. आता गावात छाती काढून चाल. त्याची तीन बोटं घेतली मी, मोजून तीन. तू शांत झोप.



दोन निळ्या खुणा आल्या. त्यानं ऐकलंय. उत्तर नाही.

२२ डिसेंबर

उत्तर नाही. आनंदानं बोलवत नसेल.

२३ डिसेंबर

दादाचा आवाज आला. तीनदा ऐकला.

"मधू, भुईत कसं निघंल रं? ते मीच घेतलं हुतं. तुझ्या व्हिसात गेलं. बोरमाळ ट्रंकेतच हाय. दवाखान्यात शेठच्या पाया पडून सांगितलं हुतं मी. त्यांनी आजवर कुणाला सांगितलं न्हाई."

शेठ सकाळच्या विमानानं गेले.