भिंतीपासून एक हात लांब

प्रिय दादा,

फोनवर मी तीनदा सांगायला गेले आणि तिन्ही वेळा तू ‘मीटिंगमध्ये आहे, नंतर बोलू’ म्हणालास. कागदाला मध्येच तोडता येत नाही, म्हणून लिहायला बसले आहे.

आधी ज्यावरून तू चिडला आहेस तेच घेते. होय, मागच्या अंगणात मी सावलीसाठी छप्पर उभं केलं आहे. वहिनीकडे फोटो पोचला ते बरंच झालं, नाहीतर मीच पाठवणार होते. तू बजावलं होतंस, घर बघायला लोक येणार आहेत, भिंतीला एक खिळासुद्धा ठोकायचा नाही. ठोकला नाही. घर तुझ्या नावावर, भिंती तुझ्या, मला मान्य आहे. म्हणून माझं छप्पर चार खांबांवर, स्वतःच्या पायांवर उभं आहे, तुझ्या भिंतीपासून मोजून एक हात लांब. आलास की मध्ये हात घालून बघ. मी शिंप्याच्या टेपने मोजलंय, चूक निघायची नाही.

आणि हे खूळ माझ्या डोक्यात घातलं कुणी, तर तूच. आईला झटका येऊन आठ महिने झाले होते. तू तो वृद्धाश्रम पाहून आलास आणि म्हणालास, ‘ती तशीही खोलीतून बाहेर पडत नाही. मग ही खोली काय आणि तिथली खोली काय?’ ब्लाउजांना हुक लावता लावता दोन दिवस तेच वाक्य कानात वाजत होतं, आणि जास्त राग याचा आला की ते खरं होतं. नव्या गोळ्या सुरू झाल्यापासून तिला ऊन सोसत नाही. पाच मिनिटांत चेहरा लालबुंद होतो, डोळ्यांना धार लागते. मी खुर्ची बाहेर काढायची, ती डाव्या हाताने खूण करायची, आत ने. की मी आत न्यायची. म्हणजे तुझं वाक्य रोज मीच खरं करून दाखवत होते.

मग मी ठरवलं की ते खोटं पाडायचं.

हार्डवेअरच्या दुकानात गेले तर मालक म्हणाला, ‘ताई, मिस्त्रीला पाठवा, त्याला समजेल.’ मी म्हटलं, मिस्त्रीच आलाय. तो माझ्या मागे बघायला लागला! शेवटी चार लोखंडी पाइप, सिमेंट, खडी आणि जाड कॅनव्हास घेऊन हातगाडी घरी आणली. पाइपांच्या बुडाला प्लेटा वेल्ड करून घेतल्या, तेवढं एकच काम दुसऱ्याने केलं. बाकी खड्डे मी खणले, अडीच-अडीच फुटांचे. आईची खाट मी खिडकीला लावली होती. तिचं बोलणं अजून जड आहे, पण ‘खोल… अजून’ एवढं तिला सारखं म्हणता येत होतं. दुसऱ्या खड्ड्यापर्यंत मला कौतुक वाटलं, चौथ्याला मी म्हटलं, आई, आता तू ये आणि खण.

कुंपणापलीकडचे ड्रायव्हरकाका तुला आठवतात ना? बस चालवायची सोडून त्यांना पाच वर्षं झाली, पण दिशा दाखवायची सवय गेलेली नाही. रोज कुंपणावर कोपर टेकून, ‘डावीकडे घे, आणखी डावीकडे, बस्स! फार झालं.’ खांबाच्या तळाशी बोल्ट रोवून सिमेंट ओतलं तेव्हा मात्र ते कुंपणावरून वाकून बघायला लागले. नंतर म्हणाले, ‘पोरी, हे काय सर्कशीचं आहे का? हत्ती बांधणार आहेस?’

आता माझी फजिती सांगते, कारण वहिनीच्या फोटोत तीच आहे. तीस वर्षं कपडे शिवते आहे. दोन बाह्यांत सूतभर फरक पडला तर गिऱ्हाईक तोंडावर परत फेकतं. तेव्हा मी चारही खांब अगदी एका उंचीचे लावले आणि कापड चारही बाजूंनी चार बोटं जास्त ठेवून कापलं, पुढेमागे उसवून वाढवायला लागलं तर असावं म्हणून. अठरा नंबरच्या तीन सुया मोडल्या, पण शिलाई अशी सरळ आली की मीच लांबून बघत राहिले. तिसऱ्या दिवशी दुपारी पावसाची एक सर आली. जेमतेम दहा मिनिटांची. कापड मध्ये झोळीसारखं भरलं, पोट सुटलेल्या माणसासारखं खाली लोंबायला लागलं. मी खालून काठीने ढकलायला गेले आणि एका कोपऱ्याची कडी तुटून सगळं पाणी माझ्या अंगावर. वहिनीला पोचलेला फोटो तेव्हाचा. काढणारे काका, हे मला माहीत आहे.

पण त्या फोटोत खिडकी दिसत नाही. खिडकीत आई हसत होती. अर्धाच चेहरा हसत होता, आवाज मात्र पूर्ण होता. आठ महिन्यांत मी तो ऐकला नव्हता. मी चिखलात तशीच उभी राहिले, तिचं संपेपर्यंत.

मग डोकं चाललं. कपडा अंगावर सैल हवा, पण छपराचं कापड सैल असून चालत नाही, ते मापापेक्षा लहान हवं आणि ताणून बसवायला हवं. काठ सरळ असले की मधून लोंबतात, म्हणून चारही काठ आत गोल घेतले, आपण बाहीसाठी मुंढा कापतो तसे. मुंढे मी हजारो कापलेत, फक्त एवढे मोठे कधी नाही. आणि मावळतीकडचे दोन खांब लोखंड कापायच्या करवतीने हातभर कापून बुटके केले. जिवावर आलं, दोन बाह्या मुद्दाम कमी-जास्त करण्यासारखं ते. पण आता पाणी तिकडून निथळून जातं, आणि चार वाजताचं तिरपं ऊन खालून घुसायचं तेही अडतं. त्यानंतर दोनदा पाऊस झाला, वाराही चांगला होता. काका म्हणाले, ‘ब्रेक बरा लागलाय.’ त्यांच्याकडून ही मोठी शाबासकी.

गेले एकोणीस दिवस आई रोज बाहेर बसते. तीन ते साडेपाच. पहिल्या दिवशी वीस मिनिटांत दमली, आता मीच आत चल म्हणते तर ऐकत नाही. मी शिलाई मशीन तिच्याजवळ आणलं आहे. ती डाव्या हाताने बटणं निवडते, चुकीची निवडते, मी बोलले की मला ‘गप’ म्हणते. अगदी स्पष्ट. आता तुझं ते वाक्य पुन्हा म्हणून बघ.

घर विकायचं असेल तर खुशाल वीक, दादा. मी आडवी येणार नाही, कोर्टकचेरी करणार नाही. खांब बोल्टवर आहेत. पान्याने नट सोडवायचे, सगळं खोलून हातगाडीवर घालीन आणि भाड्याच्या खोलीमागे चार हात मोकळी जागा मिळेल तिथे उभं करीन. भिंत कुणाची, हे मला विचारावंच लागणार नाही. आई माझ्याबरोबर असेल.

पाकीट जाड का आहे, ते आता सांगते. तू पाठवलेला वृद्धाश्रमाचा अर्ज परत पाठवते आहे. आईचा अंगठा घेऊन ठेव, रविवारी न्यायला येतो, असं तू लिहिलं होतंस. मी तो तिला काल सावलीत बसवून वाचून दाखवला, चारही पानं, बारीक अक्षरांतल्या अटींसकट. तिने अंगठा दिला नाही. पेन मागितलं. मांडीवर माझी कापायची फळी ठेवली आणि डाव्या हाताने पाऊण तास लिहीत होती. सहीच्या चौकटीत आहे ते तिचं अक्षर आहे. वेडंवाकडं आहे, चौकटीबाहेर गेलंय, पण मी हात धरलेला नाही, काका साक्षीला होते. लिहून झाल्यावर मी कागद घडी करायला घेतला तर तिने तो ओढून परत घेतला आणि राहिलेली वेलांटी दिली. ‘नाही’ असं लिहिलंय. रविवारी ये, वहिनीला आण, जेवायला थांबा. न्यायला येऊ नकोस.

तुझीच,
धाकटी